एमजी विकायला काढली

"शेडात एवढी जागा अडवून ठेवलीय, तिथं दुसरं व्हीएमसी बसलं असतं," हे बायकोचं वाक्य मी तीन वर्षं ऐकत होतो. व्हीएमसी म्हणजे धातू कापायचं, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. आमचं सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे आणि हिशेबाच्या वह्या तिच्याकडे असतात, त्यामुळे तिचं म्हणणं खोडून काढायची सोय नव्हती. शेवटी गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजन झाल्यावर गाडीवरचं कापड काढलं, गाडी पुसून घेतली, अंगणात आणून आठ-दहा फोटो काढले आणि ओळखीतल्या चार-पाच जणांना पाठवून दिले. खाली एकच ओळ लिहिली: 'एमजी टीडी, १९५१, पूर्ण रिस्टोअर केलेली, विकणे आहे.'

'पूर्ण रिस्टोअर केलेली' असं लिहिताना काहीच वाटलं नाही. पुढचे पाच महिने या तीन शब्दांचा खुलासा करण्यात गेले.

आधी गाडीविषयी सांगतो. हल्ली एमजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं इलेक्ट्रिक गाडी येते. एकानं तर फोनवर विचारलं, "सनरूफ आहे का ओ?" म्हटलं, अख्खं छतच निघतंय. ही त्या नावाची जुनी पिढी. मॉरिस गॅरेजेस हे ऑक्सफर्डचं दुकान, त्याची आद्याक्षरं म्हणजे एमजी. कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावात. त्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता म्हणून यांनी चॅसी नंबर मोजायला सुरुवात ०२५१ पासून केली, असली ही माणसं. टीडी हे मॉडेल १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत निघालं, साधारण साडेएकोणतीस हजार गाड्या, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. माणसं दोन बसतात. दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे दार उलटं उघडतं. खिडक्यांना काचा नाहीत, पावसात लावायला पडदे आहेत. इंजिन साडेबाराशे सीसीचं, ताकद ५४ हॉर्सपॉवर. आजची कुठलीही टॅक्सी तिला चढावर मागं टाकेल. पण आपण बसतो जमिनीच्या इतकं जवळ की पन्नासच्या वेगाला ऐंशीचा भास होतो, आणि तीच तिची सगळी मजा.

गाडी मामांची. सांगलीच्या गणपती पेठेत त्यांची हळदीची अडत होती. १९७४ साली त्यांनी ही कोल्हापुरातून आणली. मामी सांगायच्या, मामा सौद्याला जाताना एमजी मार्केट यार्डाच्या बाहेर लांब कुठंतरी लावायचे आणि चालत आत जायचे. अडत्याची असली गाडी बघितली की शेतकरी म्हणणार, अडत कमी करा.

२००५ च्या महापुरात गाडी गावभागातल्या वाड्यातच राहिली. पाणी उतरल्यावर मी बघायला गेलो तेव्हा सीटवर चार बोटं गाळ होता आणि स्टिअरिंगला जलपर्णी गुंडाळलेली. मामांनी त्यानंतर तिला हात लावला नाही. कुणी विषय काढला तर उठून आत जायचे. २०११ ला मामा गेले. तेराव्यानंतर मामी म्हणाल्या, "तू लोखंडातला माणूस आहेस, तू घेऊन जा." टेंपोत घालून कुपवाडला आणली. पुढची सहा वर्षं रविवार कुठं गेले विचाराल तर त्या गाडीत.

रिस्टोरेशनचं सगळं सांगत बसलो तर पुस्तक होईल, दोनच गोष्टी सांगतो. पहिली आट्यांची. इंजिन खोलायला घेतलं तर इंग्लिश गाडी म्हणून व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाचे पाने आणले. पाने बरोबर बसले. एक बोल्ट आटे गेलेला निघाला, म्हणून त्याच्या जागी व्हिटवर्थचा नवा घालायला गेलो तर दोन फेऱ्यांत अडकला. गेज लावून बघितलं, आटे मेट्रिक! तेही आपले नेहमीचे नाहीत. ८ मिलिमीटरच्या बोल्टला आपण पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, सव्वा मिलिमीटर धरतो, इथं १. मी दोन दिवस लेथपाशी डोकं धरून बसलो. मग कळलं की मॉरिसनं १९२३ साली कॉव्हेंट्रीत हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनांचा कारखाना विकत घेतला होता आणि तिथली मशिनं फ्रेंच मापाची होती. ती मोडीत काढायची कशाला? म्हणून आटे फ्रेंच ठेवले आणि गावोगावच्या इंग्लिश मिस्त्रीला त्याचे पाने चालावेत म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थच्या मापाची केली. हा जुगाड बघून मला त्या लोकांविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली. आपणही हेच केलं असतं. तसले एकूण ६३ बोल्ट मी आमच्या शॉपमध्ये तयार केले.

दुसरी गोष्ट लाकडाची. बाहेरून सगळी पत्र्याची दिसणारी ही गाडी आतून लाकडाच्या सांगाड्यावर उभी आहे. दारं, दारांचे खांब, मागचा सगळा भाग. लाकूड ॲश, ते आपल्याकडं सहज मिळत नाही, म्हणून सागवान वापरायचं ठरलं. पुरानं त्याचा भुगा झाला होता. मिरजेतले एक चाचा, ज्यांचे वडील तंबोरे दुरुस्त करायचे आणि जे स्वतः आता फर्निचर करतात, त्यांच्याकडं मी कुजलेले तुकडे पोत्यात भरून नेले. चाचांनी एक तुकडा मोडला, हुंगला आणि म्हणाले, "हळद हाय रे यात." खरंच, आतला रेषा रेषांचा भाग पिवळाधमक होता. पुरात पेठेतली किती पोती भिजली असतील, त्यातलं पाणी मुरलं असणार.

उजवा खांब एवढा गेला होता की त्याचा आकारच उरला नव्हता. चाचांनी डाव्या खांबाचे पुठ्ठ्यावर छाप घेतले, ते उलटे करून उजवा कापला. सागवान तेलकट असतं, गोंद नीट धरत नाही, म्हणून प्रत्येक सांधा पुसून, घासून, मग स्क्रूनं आवळला. तरी दार लागेना. वरच्या बाजूला तीन मिलिमीटर फट. अकरा वेळा दार चढवलं आणि उतरवलं. चाचा एका बोटानं दार ढकलायचे आणि डोळे मिटून आवाज ऐकायचे. "ठप्प नको. टक् पायजे." अकराव्या वेळी टक् झालं. त्यानंतर आजतागायत चाचांचा फोन आला की पहिलं वाक्य तेच, "दरवाजा कसा लागतोय?" माझी तब्येत दुसऱ्या नंबरला.

२०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गाडी कुपवाडला उंचावर होती. मामींना मात्र वाड्यातून बोटीनं काढावं लागलं.

आता विक्री. कागदांचं काम मी आधीच करून ठेवलं होतं, हे एक बरं केलं. जुनं आरसी बुक मामांच्या नावावर. मालक मयत असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, मग मामींकडून माझ्याकडं यायला २९ आणि ३०. २०२१ च्या जुलैत केंद्रानं जुन्या गाड्यांचा नियम काढला, पन्नास वर्षांपुढची आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला फी वीस हजार, दहा वर्षांची मुदत, आणि ज्यांचा जुना नंबर आहे त्यांना तो ठेवता येतो. मामांचा नंबर राहिला याचाच मला आनंद. नियमात असंही आहे की अशी गाडी रोज फिरवायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच बाहेर काढायची. त्यामुळे आमची एमजी कधीही दिसली तरी ती पेट्रोल भरायलाच निघालेली असते.

पहिलं गिऱ्हाईक लग्नात गाड्या भाड्यानं देणारं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "बॉनेटवर हार मस्त बसतोय. नवरा-नवरीला मागं जागा नाही, तेवढं सीट काढून करून घेऊ." चहा पाजून पाठवलं. दुसरा कोल्हापूरचा तरुण पोरगा, गाड्यांचा खरा शौकीन, पण त्याला यात जपानी इंजिन टाकून घाटात पळवायची होती. त्याला मी दोन तास बसवून घेतलं आणि इंजिन उघडून दाखवलं. जाताना तो म्हणाला, "काका, इंजिन ठेवतो असंच, पण पॉवर स्टिअरिंग तरी..." तोही गेला.

येणाऱ्यांची पारख करायची मी एक युक्ती काढली होती. या गाडीची बॅटरी उलटी जोडलेली आहे, म्हणजे प्लसची वायर बॉडीला. त्या काळच्या इंग्लिश गाड्या अशाच असायच्या. जो बॉनेट उघडून म्हणेल "ओ, बॅटरी उलटी लावलीय तुम्ही," त्याला किल्ली द्यायची नाही. नऊपैकी सहा जण तिथंच गळाले. एक तर वायर काढायलाच निघाला होता.

मुंबईहून एका गृहस्थांनी प्रश्नांची यादी पाठवली. टायरचं माप काय, हेडलाइटच्या कडीला क्रोम आहे का पितळ, डॅशबोर्डच्या आवरणाची शिवण कुठल्या धाग्याची. मी सगळी उत्तरं खरी लिहिली. लाकूड सागवानी आहे. बोल्ट आमच्या लेथवरचे आहेत. रंग लाल आहे, पण फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या, मागं खरवडलं तर मूळ फिकट हिरवा निघतो. लाल मामांनी मारून घेतला होता आणि मी तो तसाच ठेवला. गाडी २००५ ला पुरात बुडाली होती. याला त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, 'मग यात मूळ काय राहिलं?' राग आला. दोन दिवसांनी कळलं की राग येण्याचं कारण, माझ्याकडंही त्याचं धड उत्तर नव्हतं. बायको म्हणाली, "पुराचं कशाला लिहिलंस? कुणी विचारलं होतं?" तिचंही बरोबर. पण सांगलीची गाडी म्हटल्यावर पुराचं विचारणारा माणूस पुढं भेटणारच, तेव्हा कुठल्या तोंडानं सांगू?

फेब्रुवारीत पुण्याहून डॉक्टर पती-पत्नी आले, सोबत त्यांचा म्हातारा मिस्त्री. फोनवरच पुराचं, सागवानाचं, रंगाचं सगळं सांगून टाकलं होतं. "तरी येतो," म्हणाले. मिस्त्रीबुवांनी गाडीला हात लावायच्या आधी इंजिनाच्या ब्लॉकवरची अष्टकोनी पितळी पट्टी पुसली आणि नंबर वाचला. पुष्कळ इंजिनांवरची ही पट्टी कधीच गायब झालेली असते. मग पुढच्या चॅसीवर ठोकलेला नंबर टॉर्चच्या उजेडात वाचून आरसी बुकाशी ताडून बघितला. बॅटरीच्या वायरीकडं एकदा बघितलं आणि काही बोलले नाहीत. मला तिथंच बरं वाटलं.

मग खिशातून छोटं लोहचुंबक काढलं, ते सुती फडक्यात गुंडाळलं आणि मडगार्डवरून, दारावरून हळूहळू फिरवायला लागले. जिथं पुट्टी जाड असेल तिथं ते सैल होतं. डाव्या मागच्या मडगार्डच्या खाली सैल झालं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "चार इंच," मी म्हणालो, "तिथं पत्रा कुजला होता, जोड दिलाय." मान हलवली.

नंतर पाठीवर झोपून खाली गेले. या गाडीची चॅसी पेटीसारखी बंद आहे, तिला खालून भोकं आहेत. त्यांनी एक वाकडी तार भोकात घातली आणि फिरवली. काही नाही. दुसऱ्या भोकात घातली. काही नाही. तिसऱ्या भोकातून, उजव्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढं, फरशीवर काहीतरी सरसर पडलं. बोटभर ढीग. करड्या रंगाचा, मैद्यासारखा मऊ, कोरडा. कृष्णेचा गाळ. मी ती चॅसी दाबाच्या पाण्यानं दोन दिवस धुतली होती, वाफ मारली होती, आत मेण सोडलं होतं आणि छातीठोकपणे सांगितलं होतं की पुराचा कणही उरलेला नाही.

कुणी काही बोलेना. डॉक्टरीणबाई खाली बसल्या, तो गाळ चिमटीत घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "हा एकोणीस वर्षांचा आहे?" मिस्त्रीबुवा गाडीखालूनच म्हणाले, "तार आतून घासतोय. गंज लागत नाही हाताला. पत्रा चांगला आहे." मग तासभर तेच चाललं. तार, गाळ, तार, गाळ. जवळपास पेलाभर निघाला. माझ्या कानशिलांना घाम.

चालवून बघायला हरिपूर रोडला गेलो. चोक ओढला, पेट्रोलचा पंप टिकटिक करत भरला आणि गप्प झाला, मग स्टार्टरची घुंडी ओढली. डॉक्टरांना एकच सांगितलं, पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, गाडी पुरती थांबल्याशिवाय घालायचा नाही. त्यांनी दोनदा घातला. गाडीनं दोनदा दात खाल्ले. तिसऱ्यांदा थांबून घातला आणि मग संगमेश्वराच्या देवळापर्यंत कुणी बोललं नाही. परत येताना ते म्हणाले, "पेट्रोलचा वास येतोय का थोडा?" येत होता. इथेनॉलच्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप पाझरतात, मी मागच्या वर्षी निम्मे बदललेत, उरलेले बदलायचे होते. तेही किमतीतून कापा म्हटलं.

किंमत मी सव्वीस लाख सांगितली होती. बायकोच्या वहीत खर्च चौदा लाख ऐंशी हजार होता, त्यात मशिनचे तास धरलेले नाहीत असा तिचा शेरा लाल शाईत. ते एकवीस म्हणाले. मी गाळाकडं बघितलं. बावीसवर हात मिळवला. बायकोला वाटतं मी पंचवीसला अडून बसायला हवं होतं. कदाचित. पण फरशीवर तो ढीग पडलेला असताना माझ्या तोंडातून पंचवीस निघालं नसतं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी फ्लॅटबेड ट्रक आला. आदल्या रात्री मी व्हिटवर्थचे पाने, मी केलेल्या बोल्टांची माप लिहिलेली वही आणि जादा सोळा बोल्ट एका डब्यात भरून सीटखाली ठेवले. मामींना फोन लावून दाखवलं. त्या स्क्रीनकडं बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "लालच छान दिसतीय." बाकी काही नाही. ट्रक गेटाबाहेर वळला तेव्हा शेजारच्या शेडमधला पोरगा म्हणाला, "काका, पेट्रोल भरायला एवढ्या लांब?"

व्हीएमसीचा ॲडव्हान्स त्याच आठवड्यात भरला. फाउंडेशनसाठी फरशी फोडली.

एप्रिलमध्ये चाचांचा फोन आला. त्यांना विकल्याचं माहीत होतं, तरी पहिलं वाक्य तेच.

"दरवाजा कसा लागतोय?"

"चाचा, गाडी पुण्याला गेली की."

"ते ठाव हाय. लागतोय कसा?"

"विचारलं नाही."

"विचार. इथं नदीची हवा होती, तिथं उन्हाळ्यात लाकूड आकसणार. वरची फट परत दिसंल. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको म्हणावं, मी येतो."

मी डॉक्टरांना चाचांचा नंबर पाठवला आणि दार एकदा एका बोटानं ढकलून आवाज ऐका, असं लिहिलं.